चुन्याच्या खुणेपुढे गेलेलं बटण

मी स्वभावानं घाबरट माणूस आहे. रेडिओ दुरुस्त करणाऱ्यानं तसं असावंच लागतं. व्हॉल्व्हच्या जुन्या रेडिओचं बटण बंद केलं, पिन काढून बाजूला ठेवली, तरी त्याच्या पोटात वीज दबा धरून बसलेली असते. धीटपणे हात घालणारे माझे दोन सोबती पहिल्याच वर्षी हा धंदा सोडून गेले. मी चाळीस वर्षं टिकलो. प्रत्येक रेडिओ उघडताना माझ्या पोटात गोळा यायचा, आणि मला वाटतं मी टिकलो तो त्यामुळेच.

नगरच्या बाजारात माझं दुकान होतं. दुकान कसलं, एक टेबल, एक दिवा, तारा जोडायला कथलाचा डाग द्यायची इस्त्री आणि मागं भिंतीला लावलेले बिनझाकणाचे रेडिओ. ते मी कधी काढलं, कुणाकडे शिकलो, पुढं ट्रान्झिस्टर आल्यावर काय झालं, हे सगळं सांगत बसत नाही. ज्या एका टेपची आठवण आली की आजही माझं जेवणावरचं मन उडतं, तिच्याबद्दल लिहायचं आहे. पण त्याआधी वाचकाला आमच्या धंद्यातली एक गोष्ट समजली पाहिजे, नाहीतर माझी चूक नेमकी कुठं झाली ते कळणार नाही.

लोकांना वाटतं, यंत्राचा आजार म्हणजे आवाज कमी येणं. आवाज कमी येत असेल तर दुरुस्ती सोपी असते. आवाज गरजेपेक्षा जास्त झाला की खरी पंचाईत होते. प्रत्येक यंत्राच्या आत शिरायची जी भोकं असतात, त्यांतल्या प्रत्येकाची भूक ठरलेली असते. मायक्रोफोन लावायच्या भोकाची भूक चिमणीएवढी. माणसाच्या बोलण्यातून मायक्रोफोनमध्ये जी वीज तयार होते ती नावापुरती, आणि ते भोक तेवढ्याच विजेला वाढवून मोठी करतं. तिथं तुम्ही रेडिओच्या स्पीकरची तार आणून खुपसलीत, तर हजारपट मोठा घास त्याच्या तोंडात कोंबलात. यंत्र मरत नाही. ते जेवढं पेलतं तेवढं घेतं आणि वरचं सगळं कापून टाकतं. मग माणसाचं बोलणं पत्र्यावर खडे पडल्यासारखं ऐकू येतं. आम्ही त्याला आवाज फाटला म्हणायचो.

सोनईचे एक भुसार व्यापारी होते. त्यांनी रेकॉर्ड प्लेअर घेतला आणि त्याची तार ॲम्प्लिफायरच्या मायक्रोफोनच्या भोकात घातली, कारण ते भोक पुढच्या बाजूला होतं आणि हाताला लगेच सापडायचं. भजनाच्या रेकॉर्डी खरखरायला लागल्या. त्यांनी आधी रेकॉर्डी बदलल्या, मग सुई बदलली, मग रेकॉर्ड विकणाऱ्याशी भांडण काढलं. शेवटी सगळं बोचकं बांधून एस. टी.नं माझ्याकडे आणलं. मी पिन पुढच्या भोकातून काढून मागच्या भोकात घातली. आवाज घंटेसारखा स्वच्छ. शेटजी माझ्याकडे असे बघायला लागले, जसं काही मीच आजवर ती पिन चुकीच्या भोकात धरून बसलो होतो. एवढ्याशा कामासाठी आपण सोनईहून आलो हे त्यांना सहन होईना. मी मग उगाच झाकण उघडून अर्धा तास फडकं फिरवलं, तेव्हा कुठं त्यांचं समाधान झालं. मी हा किस्सा बरीच वर्षं हसत सांगायचो. नंतर सांगणं सोडलं.

एकाहत्तरची लढाई संपून महिना झाला असेल. केडगावचे आबा राऊत दुकानात आले. शेतकरी माणूस, साठीचा, डोक्याला पांढरा रुमाल. त्यांचा धाकटा मुलगा भानुदास फौजेत होता. पश्चिमेच्या आघाडीवर गेला आणि त्याचा पत्ताच नाही अशी तार घरी आली होती. मेला असं कुणी म्हणत नव्हतं, आहे असंही कुणी म्हणत नव्हतं. आबांना कुणीतरी सांगितलं होतं की पलीकडच्या देशाच्या रेडिओवर दिवेलागणीला कैद झालेल्या जवानांचे निरोप लागतात, त्यांच्याच आवाजात. नाव, गाव आणि मी खुशाल आहे एवढंच. आबांकडे मोठा व्हॉल्व्हचा रेडिओ होता. शिवाय बोटीवर नोकरीला असलेल्या जावयानं परदेशातून आणलेला स्पूलचा टेपरेकॉर्डर होता. त्यांना दोन्ही जोडून हवे होते.

ते म्हणाले, "ते लोक उर्दूत बोलत्यात, आन् भराभरा बोलत्यात. एकदा हुकलं की गेलं. टेपवर आसलं म्हंजी धा येळा ऐकता येईल. आन् रशीदभाई, तुमाला उर्दू येतंय. तुमी सांजच्याला येत जावा."

मी हो म्हणालो. नाही म्हणायची हिंमत कुणाला झाली असती. पण माझ्यासारखा शेख आडनावाचा माणूस रोज संध्याकाळी पलीकडचा रेडिओ लावून बसतो, हे त्या दिवसांत बाजारात कसं दिसलं असतं ते मला कळत होतं.

दुसऱ्याच दुपारी सायकलवर सामान बांधून केडगावला गेलो. मायक्रोफोन रेडिओसमोर ठेवून भरता आलं असतं, पण मग खोलीतलं बोलणं, खोकणं, गुरांचं हंबरणं, सगळंच टेपवर आलं असतं. म्हणून सरळ तारेनं जोडायचं ठरवलं. याचे दोन मार्ग होते. एक खरा मार्ग: रेडिओ उघडायचा आणि आवाजाच्या बटणाच्या अलीकडून तार काढायची. तिथून काढलेल्या तारेला बटणाशी देणंघेणं नसतं. खोलीत आवाज कितीही वाढवा, टेपवर जातो तो आपल्या मापानंच जातो. पण त्याला दीड-दोन तास लागतात, वरून तांब्याची जाळी विणलेली वेगळी तार लागते, आणि ती माझ्याकडे त्या दिवशी नव्हती. दुसरा मार्ग सोपा: रेडिओच्या मागं बाहेरचा स्पीकर लावायला दोन भोकं असतात, तिथून तार घ्यायची, मध्ये दोन रेझिस्टन्स घालून जोर कमी करायचा आणि रेकॉर्डरच्या मायक्रोफोनच्या भोकात सोडायची. यात एकच खोट. बटण वाढवलं की टेपवरचा जोरही वाढतो.

मी सोपा मार्ग घेतला. येत्या रविवारी जाळीची तार आणून पक्कं करतो, असं स्वतःला सांगितलं. पुण्याचं केंद्र लावून माप बसवलं. बटण जिथं बरोबर होतं तिथं बोटानं चुन्याचा ठिपका ठेवला. आबांना बजावलं की ठिपक्याच्या पुढं बटण न्यायचं नाही. रेकॉर्डरवर एक हिरवा डोळा होता, आवाज आत गेला की त्याच्या दोन पट्ट्या एकमेकींकडे सरकायच्या. मी म्हणालो, पट्ट्या जवळ आल्या की समजा आवाज भरतोय. त्या एकमेकींवर चढता कामा नयेत, हे सांगायचं राहून गेलं. मला ते इतकं उघड वाटत होतं की सांगावंसंच वाटलं नाही.

आठवडाभर रोज गेलो. रविवारीही गेलो, पण जाळीची तार मिळाली नव्हती, आणि खरं सांगायचं तर मी मनापासून शोधलीही नव्हती. जमतंय की, असं वाटत होतं. संध्याकाळी ओट्यावर गल्ली जमायची. भानूची आई गऊबाई आत चुलीपाशी बसून रेडिओकडे पाठ करून ऐकायची. लांबचं केंद्र असं, की दिवस मावळला की वर यायचं, मग लाटेसारखं खाली जायचं, पुन्हा वर यायचं. नावं यायची पंजाबातली, डोंगराकडली, कुठली कुठली. मी प्रत्येक नाव मराठीत सांगायचो आणि प्रत्येक वेळी मान हलवायचो. नाही. हाही नाही. ती मान हलवायची मला इतकी धास्ती बसली होती की घरी आल्यावर मान दुखायची.

आठव्या दिवशी दुपारी ओळखीचा एक पोलीस हवालदार दुकानात आला. त्याचा रेडिओ माझ्याकडेच असायचा, माणूस वाईट नव्हता. त्यानं सहज विचारलं, केडगावला रोज काय ऐकायला जाता म्हणे. मी सगळं खरं सांगितलं. तो म्हणाला, मला माहीत आहे हो, पण लोक बोलतात, दोन दिवस जरा दमानं घ्या. एवढंच. धमकी नाही, काही नाही. पण मी त्या संध्याकाळी गेलो नाही. सायकल दुकानाबाहेर काढली, पुन्हा आत घेतली आणि फळ्या लावून घरी गेलो.

त्याच संध्याकाळी निरोप आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधी आबा पायरीवर बसलेले. रुमालात स्पूल गुंडाळलेलं. त्यांनी सांगितलं ते असं. त्या दिवशी गल्लीत नेहमीपेक्षा जास्त लोक होते, बाहेर उभ्या असलेल्यांना ऐकू येईना. ते वाढवा वाढवा म्हणायला लागले. केंद्र खाली गेलं होतं, म्हणून कुणीतरी बटण पार शेवटपर्यंत फिरवलं. आबांनी हिरवा डोळा बघितला, तो पूर्ण मिटला होता, त्यांना वाटलं आज लई झकास भरतंय. तेवढ्यात केंद्र उसळून वर आलं आणि एक पोरगा बोलायला लागला. कुणीतरी ओरडलं, हा आपला भानू. मग सगळेच ओरडले. पुढचं कुणालाच ऐकू आलं नाही. पण कुणी घाबरलं नाही, कारण टेप फिरत होती. आबा म्हणाले, "आमी म्हनलं, टेपवर हाय की. रशीदभाई सकाळी सांगतील."

मी स्पूल लावलं. खडे पडत होते पत्र्यावर. निवेदकाचं नाव सांगणं फाटलेलं, मुलाचं बोलणं फाटलेलं. माणूस बोलतोय एवढंच कळत होतं. आबा माझ्या तोंडाकडे बघत होते.

तीन दिवस मी दुसरं काम घेतलं नाही. तीक्ष्ण आवाज कापून बघितलं, वेग अर्धा करून बघितलं, दोन वेगळ्या स्पीकरांवर बघितलं. आबांना आशा होती की मी काहीतरी करून ते उजळवीन. मला पहिल्याच तासात कळलं होतं की ते होणार नाही. जे भरताना कापलं गेलं ते टेपवर कधी आलंच नव्हतं, मग काढणार कुठून. एका जागी मला 'नगर' असं काहीतरी ऐकू यायचं. यायचं, की यावंसं वाटायचं, ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं. आणि या देशात नगरं काय एक आहेत?

चौथ्या दिवशी गऊबाई स्वतः आली. दुकानाच्या पायरीवर बसली आणि म्हणाली, लाव. मी लावलं. दोनदा ऐकलं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, बोलायच्या आदी जे हाय ते पुन्ना लाव.

तोवर मी बोलण्याच्या आधीचं कधी ऐकलंच नव्हतं. माझं सगळं लक्ष शब्दांवर. आणि ती म्हणाल्यावर मला माझंच शास्त्र आठवलं. जास्त जोर झाला की कापलं जातं ते मोठ्या आवाजाचं. बारीक आवाज तसेच राहतात, उलट उठून येतात. मुलानं तोंड उघडायच्या आधी एक श्वास घेतला होता आणि घशात दोनदा बारीक खाकरला होता. ते स्वच्छ होतं. जणू पोरगा दुकानातच उभा आहे.

"ह्यो माझा भानू," गऊबाई म्हणाली. "शाळंत कविता म्हनताना आसाच खाकरायचा. दोनदा."

आबांनी माझ्याकडे बघितलं. मी काय म्हणायला हवं होतं? मी म्हणालो, मलाही एका जागी नगर ऐकू येतं. ते म्हणालो ते बरं केलं की वाईट, याचा मला आजवर निर्णय करता आलेला नाही. त्या दिवशी गऊबाई घरी जाऊन पोटभर जेवली, असं आबांनी नंतर सांगितलं. गावात पेढे वाटले गेले. मला दुकानावर आणून दिलेला पेढा मी तसाच टेबलावर ठेवून दिला. उद्या भानू नाही असं कळलं तर या बाईला मी कोणत्या तोंडानं भेटणार, हा एकच विचार पुढं वर्षभर माझ्यामागं होता. पोस्टमन आमच्या गल्लीत शिरला तरी माझी छाती धडधडायची. त्याचा माझ्याशी काय संबंध, पण धडधडायची. मी त्याच आठवड्यात जाळीची तार आणून आबांचा रेडिओ उघडला आणि जोड पक्की करून दिली. पुढं रोज गेलो, पण कैद्यांचे निरोप नंतर कमी होत गेले आणि बंद झाले. ते स्पूल आबांनी देवघरात ठेवलं.

पुढच्या हिवाळ्यात दोन्हीकडचे कैदी सोडायचं ठरलं, आणि एक दिवस आबा रुमाल हातात घेऊन, बोडक्या डोक्यानं बाजारातून पळत आले. यादीत भानुदासचं नाव होतं. मी टेबलाखाली वाकलो आणि काहीतरी शोधतोय असं दाखवून रडून घेतलं.

भानू घरी आला त्या दिवशी मला बोलावणं होतं. काठी टेकत चालत होता, एक पाय आखडला होता, पण बाकी धडधाकट. अंगणात मांडव, भजनी मंडळ, सगळी गल्ली. आबांना मुलाचे घरातले पहिले चार शब्द टेपवर भरून ठेवायचे होते. माझ्याकडे कोरं स्पूल होतं, पिशवीत होतं. पण देवघरातलं ते जुनं स्पूल आबांनी पुढं केलं आणि विचारलं, ह्याच्यावरच भरायचं का, ते फाटकं आता कशाला हवं? मी लगेच हो म्हणालो. माझ्या हातची ती एकच वाईट टेप होती. बोटीवरचा जावई आला, कुणी पाहुणा आला, की आबा कौतुकानं ती लावायचे, आणि दर वेळी माझी मान खाली जायची. ती पुसली जाईल याचा मला आनंद झाला होता. हे मी लपवत नाही.

या खेपेला मी काहीच दैवावर सोडलं नाही. मायक्रोफोन वीतभर लांब धरला, डोळ्याच्या पट्ट्या एकमेकींना शिवतील न शिवतील अशा ठेवल्या. गल्लीला दम देऊन गप्प केलं. भानू बोलला. आईचं नाव घेतलं, गावाचं घेतलं, जमलेल्या सगळ्यांना राम राम केला. पाच मिनिटं. लगेच लावून दाखवलं. लोक म्हणाले, रशीदभाई, हे खरं काम. गऊबाईनं माझ्या हातावर साखर ठेवली.

निघताना भानू मला सायकलीपर्यंत सोडायला आला. मांडवापासून जरा लांब आल्यावर थांबला.

"रशीदभाई, एक इचारू? आई म्हनती माझा निरोप रेडिओवर आला हुता. मला कुनी बोलाया नेलंच न्हाई. पाय प्लॅस्टरात हुता, मी दवाखान्यात पडून हुतो. आमच्या खोलीतली तिघं गेल्ती."

मी म्हणालो, तो मुलगा बोलायच्या आधी दोनदा खाकरला होता.

भानूनं माझा दंडच धरला. "मंग त्यो शिवाजी. कर्जतकडचा. रातभर तसाच खाकरायचा." तो भराभरा बोलायला लागला. शिवाजीला त्यानंतर दुसरीकडे हलवलं. सोडलेल्यांच्या यादीत त्याचं नाव नाही. तिकडचे म्हणतात असा माणूस आमच्याकडे नव्हताच. त्याच्या घरी तो लढाईत पडला म्हणून तार गेली आहे. "मी सांगतोय तर सायब लोक म्हनत्यात, तू आजारी हुतास, तुला भास झाला आसंल. पन लढाई संपल्यावर रेडिओवर त्याचा आवाज हाय, म्हंजी त्यो तितं हुता. आता कुनी न्हाई म्हनू शकत न्हाई. त्याचा आवाज मी वळखतो, त्याचा बाप वळखील. ती टेप मला द्या. उद्याच कर्जतला जातो."

मांडवात कुणीतरी पुन्हा टेप लावली होती. भानूचा आवाज आमच्यापर्यंत येत होता, एकेक अक्षर वेगळं, कुठं चरा नाही. त्यालाही तो ऐकू आला. मी मांडवाकडे बोट केलं आणि म्हणालो, ती टेप हीच, तिच्यावरच तुझं बोलणं भरलंय.